शेजाऱ्याची पन्हळ

खानापूर तालुक्यातला माणूस पाण्याच्या मागं धावत मोठा होतो. खानापूर, आटपाडी, विटा या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. आण्णा त्यांतलेच. डोमजूरच्या दागिने घडवणाऱ्या कारागिरांचं सोनं गाळून देता देता त्यांनी हावड्यात बस्तान बसवलं, आणि इथं पहिल्यांदाच पाणी त्यांच्या मागं लागलं.

कदमतल्याच्या एका गल्लीत त्यांनी जुन्या घराखालचं गॅरेज भाड्यानं घेतलं. जमीन नदीकाठची, सखल. मुद्दाम तळघर खणायच्या भानगडीत इथं सहसा कोणी पडत नाही. ते आपोआप होतं. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, घर होतं तिथंच राहतं, आणि एके काळी पायरी चढून जायच्या खोलीत पायरी उतरून जावं लागतं. हे गॅरेज तसलंच. भुई मातीची, भिंतींना गुडघ्यापर्यंत लोणा. मालकीणबाईंनी, म्हणजे गल्लीच्या माशीमांनी, भाडं कमी सांगितलं ते उगीच नाही. मुशी, कोळसा, स्कूटर ठेवायची आणि गावाकडून आलेल्या पोरांची झोपायची सोय करायची, एवढाच आण्णांचा बेत.

शिलकीतला मोठा वाटा त्यांनी सिमेंटच्या गिलाव्यात घातला. उन्हाळाभर भिंती देखण्या दिसल्या. आषाढ लागला आणि गुडघ्याचा लोणा कमरेला आला. विटा चुना-सुरखीत बसवलेल्या. अशी भिंत ओल पिते तशी हवेत सोडतेही. वरून सिमेंट थापलं की सोडायची वाट बंद होते आणि पाणी उघडी वीट सापडेपर्यंत वर चढत राहतं. हे जुन्या मिस्त्र्यांना ठाऊक असतं, पण गिऱ्हाइकानं आधी विचारावं तर!

"दाजी, आता वॉटरप्रूफ रंगच मारू," मेहुणा म्हणाला.

माशीमांनी मात्र एका म्हाताऱ्या राजमिस्त्रीला धाडलं. त्यानं थापी काढलीच नाही. वीतभर प्लॅस्टिकचे तुकडे भुईला आणि गिलावा खरवडून भिंतींना चिकटपट्टीनं कडेकडेनं चिकटवले आणि घरी गेला. पाण्याचे थेंब तुकड्याच्या बाहेर जमले तर ते हवेतले, आत जमले तर भुईतले किंवा भिंतीतले. सकाळी भुईच्या तुकड्याआड बारीक दव होतं. पूर्वेच्या भिंतीवरच्या तुकड्याआडून मात्र ओघळ लागले होते.

मिस्त्री बाहेर जाऊन वर बघत उभा राहिला. पूर्वेला हातभर बोळ, पलीकडे शेजाऱ्याचं पत्र्याचं छप्पर. पन्हळ मधोमध फुटलेली. सगळ्या छपराचं पाणी आण्णांच्या भिंतीच्या पायात. शेजारी बेलिलियस रोडच्या फाउंड्रीत उमेदीची वर्षं घालवलेला, आता थकलेला माणूस. "तुमचं पाणी आवरा," म्हणून आण्णांनी त्याच्याशी भांडण काढलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद.

"पन्हळ आणि खाली गटारापर्यंत पाइप तुम्ही बसवून द्या," मिस्त्री म्हणाला.

मेहुणा उसळला. "आपली भिंत फुगलीय आणि पैसा दुसऱ्याच्या छपराला?"

"दादा, सोन्यात तांबं असलं तर तुम्ही वरून घासून परत देता काय?"

आण्णा काही बोलले नाहीत. संध्याकाळी शेजाऱ्याच्या दारात गेले आणि शिडी मागितली.

पन्हळ-पाइपाचा खर्च गिलाव्याच्या पाव हिश्शाइतकाही झाला नाही. पाइप लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारी जुन्या ओळखीच्या भट्टीवरून खंगर पोत्यांत भरून घेऊन आला. भट्टीवाल्यांना ती टाकायचीच असते. पाऊस सरल्यावर भुईची मऊ माती वीतभर काढून तिथं ही खंगर आणि विटांचे रोडे भरले. जाड्या-भरड्या थरात फटी मोठ्या असल्यानं खालची ओल वर चढत नाही. बारीक मातीत ती चढते. धुमस मारायला शेजारी स्वतः आला आणि पोरांना दम लागला तरी हा थांबेना. वर वाळू, वाळूवर जाड प्लॅस्टिक, कडा भिंतीवर वीतभर मुडपून. कोब्याला पैसे उरले नव्हते, म्हणून पुन्हा वाळू पसरून विटा आडव्या मांडल्या. कोबा पुढच्या साली. दारात मात्र उंचवटा केला, रस्त्याचं पाणी आत येऊ नये एवढा. उरलेला सिमेंटचा गिलावा खरवडून भिंतींना चुना दिला.

लोणा लगेच गेला नाही. भिंतीत मुरलेला खार पापुद्र्यांनी बाहेर येत राहिला. पोरं तो झाडून काढत. मिस्त्रीनं बजावलं होतं, भिंत आपल्या सवडीनं वाळते, घाई करून रंग लावाल तर पुन्हा मला बोलवू नका.

पुढच्या वर्षी मेहुण्यानं सलकियात स्वतःसाठी खोली बघितली. मालक भाडं सांगत होता, हा गच्चीचा जिना विचारत होता. वर जाऊन आला, मग बोळात शिरला, मग शेजारच्या घराची कडी वाजवली.

"तुम्हाला खोली माझी हवीय ना?" मालक वैतागून म्हणाला.

"तुमचीच," मेहुणा म्हणाला, "पण आधी यांच्याशी ओळखीचं बघतो."