कैसराचेच नाणे खोटे निघाले तर?

शब्बाथ शाळेत कराच्या नाण्याचा धडा चालला होता. एका मुलाने विचारले, "पण गुरुजी, कैसराचेच नाणे खोटे असले तर?" वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही.

प्रभूपुढे आणलेले नाणे म्हणजे रोमी दिनार. तिबिर्य कैसराच्या काळी तो जवळजवळ शुद्ध चांदीचा असे. इ. स. ६४ मध्ये नीरोने त्यातील चांदी घटवली. यादवी युद्धांत गुंतलेल्या सेप्टिमियस सेव्हेरसने १९५ च्या सुमारास ती निम्म्यावर आणली. २६० मध्ये सम्राट वलेरियन इराणी राजाच्या हाती सापडला. चहूकडे युद्धे पेटली होती. २७० च्या सुमारास दिनाराची जागा घेतलेल्या नाण्यात शंभरात पाच भागही चांदी उरली नव्हती. आत तांबे, वर चांदीचा मुलामा!

कोणी म्हणेल, आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? शिपायांना पगार दिला नसता, तर राज्य बुडाले असते. हा युक्तिवाद हलका नाही. राज्य बुडते तेव्हा गरीबच आधी भरडला जातो.

परंतु याच रोमचा जुना इतिहास पाहा. हॅनिबलशी युद्ध चालू असता तेथेही आधी नाण्यात भेसळ झाली होती. पुढे इ. स. पू. २११ च्या सुमारास, लुटीच्या चांदीचाही आधार मिळून, चोख चांदीचा दिनार निघाला. २१० मध्ये खजिना पुन्हा रिता झाला. नव्या बोजाने लोक कुरकुरू लागले. तेव्हा कॉन्सल लेविनसने सुचवले, की आधी सिनेटरांनीच आपले सोनेचांदी आणून द्यावे. त्यांनी दिले, आणि मग लोकांनीही दिले.

वाचकहो, भेद येथे आहे. दोन्ही वेळा लोकांवर ओझे पडलेच. पण एकदा ते उघड मागितले आणि मागणाऱ्याने प्रथम आपला खांदा दिला. दुसऱ्यांदा ते न विचारता, मजुराच्या मुठीतल्या नाण्यातून काढून घेतले. जाणत्यांनी जुनी चोख नाणी पुरून ठेवली. हातावर पोट असलेल्याजवळ पुरायला काय होते?

गरज त्याग मागू शकते. खोट्याला खरे करू शकत नाही. घरात वा मंडळीत पैसा कमी पडला, तर तसे उघड सांगावे आणि देण्याची सुरुवात आपल्यापासून करावी.

त्या मुलाला मी पुढच्या रविवारी एवढेच म्हणालो, "बाळ, खोट्या नाण्यावरही मुखवटा कैसराचाच असतो. म्हणून त्याचा जाबही त्यालाच द्यावा लागतो."