न दिसणारी दुरुस्ती

दुसऱ्याची चूक त्याला कळूं न देतां आपणच निस्तरून टाकणें याला आपण सामान्यतः चांगुलपणा म्हणतों. नव्या सुनेच्या हातून आमटी खारट झाली, तर भली सासू तींत गुपचूप बटाट्याच्या चार फोडी सोडते आणि पानावर बसलेल्यांना त्याचा पत्ताहि लागत नाहीं. हेडक्लार्क साहेबाच्या मसुद्यांतील चुकीची तारीख स्वतःच्या हातानें बदलतो आणि कागद पुढें पाठवितो. अशा माणसांवांचून कोणतेंहि घर किंवा कचेरी चार दिवस चालणार नाहीं हें उघड आहे. आणि त्यांच्या या गुणाविषयीं मला आजवर कधीं शंका आली नव्हती. ती आली एका मोटारीच्या इंजिनामुळें, आणि तीहि इंग्लंडांत. मी तत्त्वज्ञानाचा शिक्षक. यंत्रांशीं माझें सख्य बेताचेंच. तेव्हां पुढील हकीकतींत जो यांत्रिक तपशील येईल, तो माझ्या भाच्यानें मला दोन-दोनदां समजावून दिलेला आहे, असें वाचकांनीं समजावें.

भाचा बर्मिंगहॅमजवळ राहतो. गेल्या जून महिन्यांत मी त्याच्याकडे होतों. त्याच्या गॅरेजांत दोन माणसांपुरती एक लहानशी उघडी मोटार आहे. ती त्यानें तयार विकत घेतलेली नाहीं, सुट्या भागांच्या संचांतून जुळविलेली आहे. इंग्लंडांत हा छंद जुना आहे. १९५७ सालीं लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यानें 'सेव्हन' नांवाची मोटार काढली, ती सुट्या भागांच्या रूपानेंहि मिळे. कारण तयार मोटारीवर सरकारचा खरेदी-कर असे, सुट्या भागांवर तो पडत नसे. मात्र जोडणीच्या सूचना बरोबर दिल्यास ही सवलत जाई. म्हणून कंपनी मोटार सोडविण्याच्या सूचना देई आणि गिऱ्हाइकानें त्या शेवटापासून आरंभाकडे वाचाव्या, असें सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, तर्कशास्त्राच्या वर्गांत सांगण्याजोगी आहे खास. १९७३ सालीं तो कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि सवलत संपली. त्याच वर्षीं 'सेव्हन'चे हक्कहि केटरहॅमच्या व्यापाऱ्यांकडे गेले. छंद मात्र टिकला. भाच्याची मोटार याच घराण्यांतली.

तिला फोर्डचें जुनें १६०० घनसेंटिमीटरचें इंजिन आहे, आणि त्यावर पूर्वीं वेबर जातीचे दोन कार्बुरेटर होते. कार्बुरेटराचें मर्म मोठें सुंदर आहे. अरुंद गळ्यांतून हवा वेगानें वाहूं लागली कीं तिचा दाब कमी होतो, आणि शेजारच्या वाटींतलें पेट्रोल बारीक छिद्रांतून आपण होऊन ओढलें जातें. वेग आणि दाब यांचा हा संबंध बर्नूलीनें १७३८ सालींच ग्रंथरूपानें मांडला होता. यंत्र स्वतः येथें कांहीं मोजीत नाहीं. छिद्र केवढें असावें एवढेंच काय तें माणसानें ठरवावयाचें. हें ठरविणारा माणूस म्हणजे भाच्याच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ. त्यांचा सारा जन्म कारखान्यांत फिटर म्हणून गेलेला. रबरी नळीचें एक टोक कार्बुरेटराच्या तोंडाशीं आणि दुसरें आपल्या कानाशीं धरून चारहि सिलिंडर सारखा श्वास घेतात कीं नाहीं, हें ते सांगत आणि स्क्रू पाव फेरा इकडे किंवा तिकडे फिरवीत. इंजिनहि आपलें दुखणें त्यांच्यापासून लपवीत नसे. कोठें फट पडून जादा हवा शिरली कीं तें उभ्या जागीं अडखळे आणि कार्बुरेटरांतून खोकल्यासारखा आवाज काढी.

दोन वर्षांपूर्वीं भाच्यानें कार्बुरेटर उतरविले आणि फ्युएल इन्जेक्शन बसविलें. थंडींत गाडी सुरू होईना आणि पेट्रोल फार खाई, एवढें कारण त्याला पुरेसें होतें. विजेच्या साहाय्यानें पेट्रोल मोजून देण्याची ही कल्पना कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंतील बेंडिक्स कंपनीनें १९५८ च्या क्रायस्लर मोटारींवर ती आणून पाहिली आणि तींत तिला अपयश आलें; १९६७ सालीं बॉश कंपनीनें फोक्सवागनवर ती यशस्वी केली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० रोजीं धुराचे नवे नियम आले, तेव्हांपासून नव्या स्कुटरींपैकीं बहुतेकींत हीच योजना असते. गल्लींतल्या मेकॅनिकाचा स्क्रू-ड्रायव्हर त्यामुळें पुष्कळसा बेकार झाला आहे.

भाच्याचें काम सहा महिने चाललें. कार्बुरेटराला चौरस इंचास सुमारें ३ पौंडांचा दाब पुरतो, येथें ४३ पौंड लागतो. म्हणून पंप आणि नळ्या नव्या. क्रँकच्या पुलीवर ३६ दात्यांचें चाक आलें; त्यांतील एक दाता मुद्दाम गाळलेला असतो, आणि ती रिकामी जागा समोरून गेली कीं इंजिन फेऱ्याच्या कोणत्या अंशावर आहे तें नियंत्रकाला कळतें. (अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानणाऱ्या भाट्ट मीमांसकांना हें ऐकून समाधान वाटलें असतें.) मग एक कोष्टक: सोळा उभीं, सोळा आडवीं, अशीं २५६ घरें. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला हवेची झडप किती उघडली तें. आणि प्रत्येक घरांत पेट्रोलाचा एक आंकडा. हे आंकडे मोटार रस्त्यावर चालवून एकेक करून बसवावे लागतात. एवढ्यावरहि कांहीं चुकलेंच, तर एक रक्षक आहे. चारहि सिलिंडरांचा धूर जेथें एका नळींत येतो, तेथें बसविलेला हा संवेदक धुरांतील प्राणवायु मोजतो. त्याला लॅम्डा म्हणतात. १९७६ सालीं व्होल्व्हो मोटारींत तो प्रथम आला. एक भाग पेट्रोलास १४.७ भाग हवा हें प्रमाण ढळलें कीं तो नियंत्रकास कळवितो, आणि नियंत्रक त्याच क्षणीं पेट्रोल कमीजास्त करून चूक सुधारतो. चालविणाऱ्याला कांहीं कळत नाहीं. मोटार उत्तम चालूं लागली. शेजारचे गृहस्थ तोंडानें वाईट बोलले नाहींत, पण गॅरेजांत त्यांचें येणें कमी झालें.

मी तेथें असतांनाच एके रविवारीं ते आले. भाचा सहज म्हणाला, कीं गाडी छान चालते, फक्त अलीकडे पेट्रोल थोडें अधिक लागतें. म्हाताऱ्यानें कांहीं न बोलतां चारहि स्पार्क प्लग काढून फडक्यावर ओळीनें मांडले. तीन काजळीनें काळे होते. तिसऱ्या सिलिंडराचा तेवढा पांढराफटक होता. तेथल्या झडपेखालची रबरी कडी चिरली होती आणि त्या फटींतून न मोजलेली हवा आंत शिरत होती. लॅम्डाला जादा प्राणवायु दिसला. पण त्याला चौघांची सरासरी तेवढी कळते, कोण चुकतो तें कळत नाहीं. म्हणून नियंत्रकानें चौघांनाहि जादा पेट्रोल दिलें. ज्याला हवें होतें त्याला तें पुरलें नाहीं, आणि ज्यांना नको होतें ते तिघे काजळून गेले. सरासरी मात्र अगदीं बिनचूक राहिली. "कार्बुरेटर असता तर पहिल्याच दिवशीं खोकला असता," एवढेंच म्हातारा म्हणाला.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं, आणि तिचें कारण मोटार नव्हतें. घरें चांगलीं बांधून माणूस चांगला गवंडी होतो, वाईट बांधून वाईट होतो, आणि सद्गुणाचेंहि तसेंच आहे, असें आरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत प्रतिपादिलें आहे. मी हें पंचवीस वर्षें शिकवीत आलों. पण बांधलेली भिंत कलली आहे हें गवंड्याला दिसतें, ही गोष्ट त्यांत गृहीत धरलेली आहे. त्याच्या मागून कोणी रोज रात्रीं येऊन भिंत सरळ करून जात असेल, तर तो गवंडी जन्मभर वाईटच बांधील आणि स्वतःला उत्तम समजेल. मग ती रात्रीं येणारी व्यक्ति त्याची हितकर्ती कीं वैरीण?

माझी पत्नी तीन वर्षांपूर्वीं वारली. माझा स्वभाव तापट आहे असें तत्पूर्वीं मला कोणीं सांगितलें असतें, तर मी हसलों असतों. भाऊ, शेजारी, विद्यार्थी, घरीं कामाला येणाऱ्या बाई, सर्वांशीं माझे संबंध तीस वर्षें चांगले राहिले होते, आणि त्याचें श्रेय मी माझ्या सरळ बोलण्याला देत असें. ती गेल्यावर दीड वर्षाच्या आंत बाईंनीं काम सोडलें, धाकट्या भावाचें येणें-जाणें थांबलें, आणि एका जुन्या विद्यार्थ्याचें दिवाळीला न चुकतां येणारें पत्र आलें नाहीं. जगांतील सौजन्य कमी होत चाललें आहे, असें अनुमान मीं काढलें. पुढें एकदां मुलगी रागाच्या भरांत म्हणाली, "बाबा, तुम्ही वाटेल तें बोलून आंत निघून जात होतां, आणि मग आई त्या माणसाजवळ तासभर बसत होती." फट माझ्या जागीं होती; जादा पेट्रोल तिनें आणि दोन्ही मुलांनीं घेतलें. आज बाबांशीं बोलूं नका, आज मोठ्यानें हसूं नका, आज मार्क दाखवूं नका. आमचें घर सुखी घर म्हणून ओळखलें जाई.

तिनें मला हें सांगावयास हवें होतें, असा माझा त्या रात्रींचा निष्कर्ष होता. आणि खरें सांगावयाचें तर त्यांत थोडासा तिच्यावर राग होता. सकाळीं चहाच्या वेळीं मीं भाच्याला म्हटलें, कीं तुझा लॅम्डा हा लबाड प्राणी आहे. तो रोग दडवितो. भाचा हसला आणि लॅपटॉप घेऊन आला.

"मामा, तो कांहींच दडवीत नाहीं," तो म्हणाला, "हें पाहा." पडद्यावर एक लांबलचक नोंद होती. प्रत्येक क्षणीं किती दुरुस्ती केली तें नियंत्रकानें लिहून ठेवलें होतें. मार्चमध्यें शेंकडा दोन, एप्रिलअखेर पांच, जूनमध्यें नऊ. दहाच्या वर जाण्याची त्याला परवानगी नव्हती. "मीच तीन महिने उघडून पाहिलें नाहीं. गाडी चालत होती ना!" मग त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली. कोष्टकाचे आंकडे बसवीत असतांना लॅम्डाची दुरुस्ती मुद्दाम बंद ठेवावी लागते. नाहींतर कोणत्या घरांतला आंकडा चुकला तें कधींच समजत नाहीं. आंकडे बसले कीं मग ती चालू करावयाची.

मला हें पटलें, आणि पटतांच माझा रात्रींचा निष्कर्ष लटका पडला. शिकावयाच्या वेळीं दुरुस्ती बंद आणि प्रवासाच्या वेळीं चालू, ही वांटणी मोटारीला सोपी आहे. संसारांत शिकण्याचा रस्ता वेगळा आणि पोंचण्याचा वेगळा असें नसतें. पाहुणा दारांत उभा असतो आणि मुलांच्या शाळेची वेळ झालेली असते. तिनें दुरुस्ती बंद ठेवावयाची ती कोणत्या दिवशीं? आणि मला सांगावयास हवें होतें हें म्हणणें तरी प्रामाणिक आहे काय? सांगितलें असतें तर मीं प्रथम तिच्यावरच आवाज चढविला असता. चूक सुधारणाऱ्यावर चूक दाखविण्याचाहि भार टाकणें, म्हणजे चौथ्या सिलिंडरानें तिसऱ्याचें पेट्रोल घ्यावें आणि वर त्याला व्याख्यानहि द्यावें, असें म्हणण्यासारखें आहे. नोंद पाहणें हें ज्याची गाडी त्याचें काम.

नवी कडी कांहीं पेन्सांची होती. ती बसविल्यावर म्हाताऱ्यानें खिशांतून आपली रबरी नळी काढली आणि नव्या झडपांच्या तोंडाशीं एकेक करून धरून ऐकिलें. ती तेथेंहि उपयोगी पडते. भाच्यानें मग ती नळी मागून घेऊन स्वतःच्या कानाला लावली. त्याला फरक ऐकूं आला नाहीं. म्हाताऱ्यानें पुन्हां लावावयास सांगितलें.

घरीं परत आल्यावर मीं स्वयंपाकघरांतील फडताळ उघडलें. पत्नीच्या हिशेबाच्या वह्या तेथें नेहमींच उघड्यावर असत. डाळ-तांदळाचे हिशेब म्हणून मीं त्यांना कधीं हात लावला नव्हता. किराणा, दूध, शाळेची फी, आणि मधूनच: 'बाईंना साडी, ह्यांच्या परवांच्या बोलण्याबद्दल.' 'भावोजींकडे पेढे, ह्यांच्यातर्फे.' पुढें रक्कम. तक्रारीचा शब्द कोठें नाहीं. अशा वह्या सहा आहेत. रोज रात्रीं मी कांहीं पानें वाचतों. दुसरी अद्याप संपलेली नाहीं.