दाखल्यावरील धर्म



दहावीचा निकाल लागला कीं आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत आनंदाबरोबर एक चिंताही घरोघर शिरते. लेंकरूं उत्तीर्ण झालें, आतां पुढें काय? कॉलेज तालुक्याला, राहण्याचा खर्च निराळा, पुस्तकांचा निराळा, आणि बाप दुसऱ्याच्या शेतांत मजुरी करणारा. अशा वेळीं शिष्यवृत्तीचा अर्ज हातीं येतो. त्या अर्जांत एक रकाना जातीचा असतो व एक धर्माचा. ह्या दुसऱ्या रकान्यांत काय लिहावें, हा प्रश्न वरवर पाहतां कारकुनी दिसतो; वस्तुतः तो सदसद्विवेकबुद्धीचा आहे. त्याविषयीं आम्ही आज चार शब्द लिहूं इच्छितों.

प्रथम वस्तुस्थिति सांगतों. अस्पृश्य गणलेल्या जातींच्या विद्यार्थ्यांस मॅट्रिकच्या पुढील शिक्षणासाठीं सरकारी शिष्यवृत्ति १९४४ सालीं सुरू झाली. पुढें १० ऑगस्ट १९५० रोजीं अनुसूचित जातींची यादी ठरविणारा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानें यादीचा लाभ धर्मावर अवलंबून ठेविला. १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस त्यांत घेण्यांत आलें. ख्रिस्ती व मुसलमान मात्र बाहेरच राहिले. ह्यामुळें असें झालें कीं, एकाच आजोबांच्या दोन नातवांपैकीं एकास शिष्यवृत्ति हक्कानें मिळते, आणि दुसऱ्याच्या बापाचा बाप्तिस्मा झाला म्हणून त्यास ती मिळत नाहीं. दोघांचें घर तेंच, आळी तीच, दारिद्र्यही तेंच.

२००७ सालीं केंद्र सरकारनें अल्पसंख्य समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं निराळी योजना काढली. तींत ख्रिस्ती मुलांचा समावेश होता. घरचें वार्षिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आंत असावें, आधींच्या परीक्षेंत निदान शेंकडा ५० गुण असावे, आणि शेंकडा ३० शिष्यवृत्त्या मुलींसाठीं राखाव्या, असे तिचे नियम होते. ही मदत चांगलीच होती. परंतु पहिल्या योजनेंत जितके पात्र तितक्यांस शिष्यवृत्ति असा दंडक आहे, तर ह्या दुसरींत संख्याच ठरलेली होती. तेव्हां कित्येक घरांत कागदावर एक धर्म व घरांत दुसरा अशी वहिवाट पडली आहे. कांहीं आईबाप तर लेंकरांचा बाप्तिस्माच लांबणीवर टाकतात, आणि उपदेशकास विनंति करतात, “महाराज, वहींत नांव तेवढें घालूं नका.”

असें करणाऱ्यांची बाजू आम्हांस ठाऊक आहे, व ती हलकी नाहीं. ते म्हणतात, बाप्तिस्म्यानें आमचें पाप धुतलें गेलें. पण गांवानें आमची जात धुऊं दिली नाहीं. सोयरीक जुळवितांना, पाणवठ्यावर, चावडीवर आम्ही पूर्वी होतों तेच आहों. मग आमची जात सांगण्यांत खोटें तें काय? ह्या बोलण्यांतील पहिला भाग अगदीं खरा आहे. आपली जात सांगणें हें खोटें नव्हे. ज्या जातीमुळें पूर्वजांनीं अपमान सोसला ती लपविण्याचें कांहींच कारण नाहीं. पण अर्जांत रकाने दोन आहेत. जातीच्या रकान्यांत सत्य लिहिलें म्हणून धर्माच्या रकान्यांत असत्य लिहिण्याची मोकळीक मिळत नाहीं. दुसऱ्यानें आपणांवर केलेल्या अन्यायानें आपला खोटा शब्द खरा होत नसतो.

कोणी नामानाचें उदाहरण पुढें करतील. तो अरामी सेनापति कोडांतून बरा झाल्यावर जिवंत देवाचा भक्त झाला. तरी धन्याबरोबर रिम्मोनाच्या देवळांत त्याला वांकावें लागणार होतें, आणि अलीशानें त्यास शांतीनें पाठविलें. हें खरें आहे. परंतु नामानानें तें लपविलें नाहीं. संदेष्ट्यासमोर उघड सांगून क्षमा मागितली. तो आपल्या वांकण्यास हक्क म्हणाला नाहीं, दुर्बलता म्हणाला. म्हणून ह्या गोष्टीवरून आम्ही इतकेंच शिकतों कीं, अडचणींत सांपडलेल्या बंधूवर मंडळीनें धोंडा उचलूं नये. त्याचें करणें हाच सर्वांसाठीं नियम, असें मात्र त्यावरून ठरत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांस दानीएल व त्याचे तीन सोबती अधिक जवळचे आहेत. तेही पराजित लोकांचे मुलगे होते, राजाच्या खर्चानें तीन वर्षें शिकण्यासाठीं निवडलेले. त्यांनीं खास्द्यांची विद्या घेतली, त्यांची भाषा घेतली, दिलेलीं परकीं नांवेंही धारण केलीं. परंतु जेथें देवाला नाकारण्याचा प्रसंग आला, तेथें ते थांबले. सरकारी विद्यावेतन घेणें हा दोष नव्हे, तें नम्रपणें घ्यावें. फक्त त्याची किंमत म्हणून काय मागितलें जातें, हें पाहून घ्यावें.

ह्यांत व्यवहाराचाही धोका आहे. महाराष्ट्राच्या २००० सालच्या कायद्याप्रमाणें जातीचा दाखला खोटा ठरल्यास शिष्यवृत्तीची रक्कम वसूल होते, मिळालेली पदवीही रद्द होऊं शकते. २६ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पुदुच्चेरीच्या एका प्रकरणांत निकाल दिला कीं, मनांत श्रद्धा नसतां केवळ सवलतीसाठीं आपण हिंदु आहों असें म्हणणें ही राज्यघटनेशीं प्रतारणा होय. पण पकडलें जाण्याच्या भीतीहून मोठी हानि दुसरीच आहे. सतरा वर्षांच्या मुलास बाप जेव्हां म्हणतो, “साहेबानें विचारलें तर आपण ख्रिस्ती नाहीं म्हण,” तेव्हां कॉलेजचा पहिला धडा त्या मुलास घरींच मिळतो. विश्वास हा सोयीप्रमाणें अंगांत घालण्याचा व काढण्याचा सदरा आहे, असा तो धडा असतो. तो पुढें कोणत्याही पुस्तकानें पुसला जात नाहीं.

तर मग गरीब मुलानें घरीं बसावें काय? असें म्हणणाऱ्यानें आधीं आपली थैली उघडावी. जी मंडळी सत्य बोलण्याचा उपदेश करते, तिनें सत्य बोलणाऱ्याचें नुकसान वाटून घेतलें पाहिजे; नाहीं तर तो उपदेश म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर ठेविलेलें ओझें. ह्यासाठीं आम्ही तीन गोष्टी सुचवितों. पहिली, दर घरांतून स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर धान्य बाजूस काढून त्याचा पैसा केवळ विद्यार्थ्यांसाठीं ठेवावा व त्याचा हिशेब वर्षांतून एकदां भर सभेंत वाचावा. दुसरी, उपदेशकांनीं व शिक्षकांनीं जूनपूर्वीच उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, बँकेचें खातें हीं तयार करवून घ्यावीं, आणि अल्पसंख्यांसाठीं व मागासवर्गांसाठीं ज्या ज्या योजना त्या वर्षीं चालू असतील, त्यांपैकीं कोणतीस आपलें लेंकरूं खरोखर पात्र आहे याची चौकशी समाजकल्याण कचेरींत करावी. अज्ञानामुळें बुडालेली मदत पुष्कळ असते.

तिसरी गोष्ट ही कीं, अन्यायाविरुद्ध उघड दाद मागावी. पौलास फटके मारण्यासाठीं बांधलें तेव्हां त्यानें आपलें रोमी नागरिकत्व पुढें केलें, पण आपला प्रभु लपविला नाहीं. २००७ सालीं न्यायमूर्ति रंगनाथ मिश्र ह्यांच्या आयोगानें बहुमतानें शिफारस केली कीं, १९५० च्या आदेशांतील तो तिसरा परिच्छेद काढून टाकावा. २०२२ सालीं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखालीं ह्याच प्रश्नावर दुसरा आयोग नेमण्यांत आला. पण ज्या आईबापांनीं कागदावर आपण ख्रिस्ती नाहीं असें लिहून दिलें, त्यांची गणती ह्या मागणीच्या मागें कशी व्हावी? लपलेले लोक कितीही असले तरी त्यांचा अर्ज कोणी वाचूं शकत नाहीं.

म्हणून, बंधुभगिनींनो, यंदा अर्ज भरतांना जातीच्या रकान्यांत निर्भयपणें खरें लिहा, आणि धर्माच्या रकान्यांतही निर्भयपणें खरें लिहा. आणि ज्या घरानें असें लिहिलें म्हणून त्याची फी अडली, त्या घराची फी ही मंडळीची फी समजा. सत्याची किंमत एकट्या गरिबानेंच भरावी असें कोठेंही ठरलेलें नाहीं.