उसवावा की जपावा?

हिवाळ्याचा पहिला पाऊस पडला की घरोघरी कपाटे उघडतात व लोकरीचे कपडे बाहेर निघतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या दिवंगत आईच्या कपाटातून बाबांचा निळा स्वेटर निघाला. 1974 साली मुंबईहून दिमोनाला आल्यावर नेगेवमधील रात्रीच्या थंडीने आम्ही गारठून गेलो होतो. त्या पहिल्याच हिवाळ्यात आईने तो विणला. बाबांच्या मागे ती स्वतःच तो घाली. आता त्याला कसर लागली होती व कोपर विरले होते. आम्हां बहिणींचे मत पडले की तो उसवून धाकटीच्या नातवाला काही विणावे. दादा म्हणाला, "हात लावायचा नाही."

प्रश्न एका स्वेटरचा दिसला तरी तो तेवढाच नाही. गेलेल्या माणसाच्या हातची वस्तू जशीच्या तशी ठेवावी, की तिचा उपयोग होऊ द्यावा? आदर कशात आहे?

दादाचे म्हणणे टाकाऊ नव्हते. जवळचे माणूस गेले की आपण केरिआ करतो, अंगावरचे वस्त्र फाडतो. इतर आप्तांसाठी फाडलेले वस्त्र तीस दिवसांनी नीट शिवता येते. आईबापांसाठी फाडलेले मात्र कधीच नीट शिवायचे नाही, तीस दिवसांनी फार तर धावदोरा घालायचा. काही जागा भरून न काढलेल्याच बऱ्या, असेच जणू धर्म सांगतो. मग विरलेले कोपर तसेच का राहू नये?

दुसरी बाजू बाल तश्हितची. वेढा घातलेल्या नगराची फळझाडे तोडू नयेत, अशी आज्ञा अनुवादाच्या 20व्या अध्यायात आहे. रामबामने तीच वस्त्रे फाडणे, भांडी फोडणे व अन्न नासणे यांनाही लावली. पण उसवणे म्हणजे नासणे काय? शब्बाथला वर्ज्य असलेल्या 39 कामांची यादी मिश्नात आहे. तीत लोकर कातरण्यापासून विणण्यापर्यंत सर्व आहे, आणि शिवण्यासाठी फाडणे हेही आहे. नुसते बिघडवणे मात्र हाखामांनी त्या कामांत धरले नाही. म्हणजे पुढे काही करण्यासाठी जे मोडले जाते, तेही घडवण्यातच जमा आहे. उलट कपाटातला स्वेटर कुणी हात न लावताही नासतच असतो.

दुकानातले पुष्कळ स्वेटर विणलेल्या कापडातून कापून शिवतात. ते उसवले तर हाती तुकडे येतात. आईने पाठ, पुढा व बाह्या टाके वाढवून-घटवून आकारातच विणल्या होत्या. शिवण सोडवून बंद केलेल्या टाक्यांपासून दोरा ओढला की तो सरसर निघतो. लडी करून कोमट पाण्यात धुतली व टांगून वाळवली की लोकर पुन्हा सरळ होते.

आज याला पर्यावरणरक्षण म्हणतात. आईला तो शब्द ठाऊक नव्हता. विकतचे परवडत नव्हते म्हणून ती विणी. तिच्या गरजेला आपण थोरवी चिकटवू नये. हातचे तेवढे सर्व चांगले, असेही नाही. ॲक्रिलिक हाताने विणले तरी प्लास्टिकच, आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. पण आपले पूर्वज, कोकणातले शनवार तेली, तेल निघाल्यावर पेंड टाकून देत नसत, गुरांना घालत. तीच शिस्त आईच्या हातांत होती. तिने स्वतः थोरल्यांचे किती स्वेटर उसवून धाकट्यांना केले! मग जपायचे ते काय, लोकर की तिची रीत?

आम्ही रीत जपायचे ठरवले. दादाचे मन पूर्ण वळले नाही. गळपट्टी त्याने न उसवता मागून घेतली व आम्ही ती दिली. त्याचे दुःखही खरेच होते. पण लडी करायच्या वेळी, लहानपणी आईपुढे बसे तसा, दोन्ही हात पुढे धरून तो आपणहून बसला. कसरीने तुटलेले दोरे जोडावे लागले. अखेर बाळाची बंडी व टोपडे झाले.

वाचकहो, आपल्याही कपाटात असे काही असेल. उसवावे की जपावे हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र तो निर्णय कसरीवर सोडू नये.