अक्षयनीवी आणि डिझेलची चिठ्ठी

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका ज्यांनी कधी हातात धरली असेल त्यांना ठाऊक असेल की तिच्यात काही विषय भांडणासाठी असतात, काही भाषणासाठी असतात आणि काही नुसते डोळ्यांखालून जाण्यासाठी असतात. पुतळ्याची जागा, बाजारातले ओटे, रस्त्याचे नामकरण हे पहिल्या दोन वर्गांतले, आणि ‘नगरपरिषदेच्या वाहनांना वर्षभर इंधन पुरविण्याकामी प्राप्त निविदांना मंजुरी देणे’ हा तिसऱ्या वर्गातला. मी एका तालुक्याच्या गावी सदस्य म्हणून एक मुदत काढली. त्या पाच वर्षांत हा विषय पाच वेळा पटलावर आला आणि पाचही वेळा, अध्यक्षांनी ‘मंजूर?’ म्हणून विचारावे आणि कपबशांच्या किणकिणाटातून ‘मंजूर, मंजूर’ असे उत्तर यावे, एवढ्याच अवकाशात निकालात निघाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. आज उतारवयात त्या सभांतली गाजलेली भांडणे आठवली की हसू येते. मनाला टोचतो तो हा न भांडलेला विषय, आणि टोचतो तो धर्माचा प्रश्न म्हणून.

धर्माचा कसा, हे सांगण्याआधी या मक्त्याचे स्वरूप सांगितले पाहिजे. घंटागाड्या, अग्निशामक बंब, पाण्याचे टँकर, गाळ काढणारे जेसीबी आणि कार्यालयाच्या मागच्या पडवीतले जनित्र यांना वर्षभर डिझेल लागते. खडी, पाइप, चुना यांच्या निविदेत मक्तेदार आपला दर भरतो आणि ज्याचा दर कमी त्याला काम मिळते. डिझेलचा दर मात्र पंपवाल्याच्या हातात नसतोच. 2014 च्या ऑक्टोबरात सरकारने डिझेलच्या भावावरचे नियंत्रण उठवले आणि 2017 च्या जूनपासून भाव रोज पहाटे बदलू लागला, तरी तो ठरवतात तेलकंपन्या, आणि गावातल्या चार पंपांवरच्या भावांत फरक पडला तर काही पैशांचा. मग बयाण्याची रक्कम भरून, मोहोरबंद लिफाफ्यात घालून, आणि अलीकडे संगणकावर चढवून, हे चार पंपवाले एकमेकांशी चढाओढ करतात ती कशाची? एखाद्याने लिटरमागे चार पैशांची सूट लिहिलेली असते, एखाद्याने देयकासाठी तीस दिवस थांबण्याची तयारी दाखवलेली असते. म्हणजे दरपत्रकाचे नाव डिझेलचे असले तरी सौदा होतो तो दोन अदृश्य गोष्टींचा, मापाचा आणि धीराचा. आणि या दोन्ही गोष्टी तराजूत घालायला सभागृहाजवळ कोणतेही वजन नसते.

शिवाय या वस्तूचा स्वभावच असा, की तिचे सार्थक तिच्या नाशात आहे. निकृष्ट सिमेंटचा रस्ता पुढच्या पावसाळ्यात मक्तेदाराविरुद्ध साक्ष देतो, फुटका पाइप उकरून दाखवता येतो, पण जळलेले डिझेल आणि न भरलेले डिझेल यांच्यात संध्याकाळी काय भेद उरतो? नैयायिकांनी अभावाचेही प्रकार पाडले. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तो प्रागभाव आणि नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. इंधनाच्या मक्त्यातला सारा अपहार या दोन अभावांच्या सरमिसळीवर जगतो, हे मला फार उशिरा उमगले: जे टाकीत कधी आलेच नाही ते जळून गेले म्हणून खर्ची टाकायचे, एवढीच ती विद्या. पर्वतावरचा धूर पाहून अग्नीचे अनुमान करण्याचा दृष्टान्त आपल्या तर्कशास्त्राने शतकानुशतके घोकला; पण तो अग्नी किती लिटरचा होता हे धुरावरून सांगण्याची युक्ती कोणा पंडिताने लिहून ठेवलेली नाही. कौटिल्याने राजद्रव्य हरण करण्याचे चाळीस उपाय मोजून ठेवले आणि अधिकाऱ्याच्या अपहाराला पाण्यातल्या माशाच्या पाणी पिण्याची उपमा दिली, ती वाचताना मला नेहमी आमच्या गाड्यांचे बंद पडलेले किलोमीटरचे काटे दिसतात.

एकदा, मुदतीच्या चौथ्या वर्षी, मी मुद्दाम पहाटे साडेपाचला पंपावर जाऊन उभा राहिलो. घंटागाडी आली. चालकाने खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली, तिच्यावर वाहन क्रमांक, तारीख, चाळीस लिटर आणि आरोग्य विभागाची सही. पंपावरच्या पोराने शून्य दाखवले, नळी लावली आणि यंत्रावरचा आकडा चौतीसवर थांबला. पावती चाळीसची निघाली. मी चालकाला विचारले, ‘‘काय हो, सहा लिटर कुठं गेलं?’’ तो गडबडला नाही. माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहून म्हणाला, ‘‘साहेब, चिठ्ठी चाळीसचीच निघती. टाकी किती घेती ते चिठ्ठीला काय ठाऊक?’’ आणि गाणे लावून गाडी घेऊन गेला. त्या उत्तरात उद्धटपणा नव्हता. लबाडीही, मला वाटते, नव्हती. त्याला जसा शिरस्ता दिला होता तसा तो पाळत होता.

मी ते प्रकरण तावातावाने भांडारपालाकडे नेले, तेव्हा दुसरीच बाजू निघाली. पंपवाल्याची पाच महिन्यांची देयके लेखा विभागात पडून होती. ज्या पंपवाल्याने मापात खोट करायची नाही असे ठरवले असेल, त्याला पाच महिन्यांची बिनव्याजी उधारी परवडत नाही, कारण त्याला स्वतःला टँकरचे पैसे आगाऊ भरावे लागतात. म्हणून तो निविदाच भरत नाही. भरतो तो, ज्याला आपले व्याज कुठून वसूल करायचे हे ठाऊक आहे. ते सहा लिटर हे असे आमच्याच दिरंगाईचे व्याज होते, त्यातला थोडा हिस्सा वाटेत दोघातिघांच्या हाताला लागत असेल, एवढेच. सहीसाठी टेबलावर राहिलेली फाइल ही चोरीची आई असते, ही गोष्ट कोणत्याही लेखापरीक्षण अहवालात मी वाचली नाही.

तर मग पाप कोणाचे? प्रश्न शाळकरी वाटतो, पण मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायसभेपुरते त्याचे एक चमत्कारिक गणित मांडलेले आहे. सभेत अन्यायाने निर्णय झाला तर त्या अधर्माचे चार भाग होतात. एक करणाऱ्याला, एक साक्षीदाराला, एक सभासदांना आणि एक राजाला. मनुस्मृतीतल्या अनेक गोष्टी आज मान्य होण्यासारख्या नाहीत आणि मला तर त्या कधीच मान्य नव्हत्या, पण हा भागाकार मला विलक्षण प्रामाणिक वाटतो. पाप एकट्या चोराच्या खाती लिहून मोकळे होण्याची सोय त्यात नाही. पंपवाल्याचा चतुर्थांश त्याच्याकडे राहो. चिठ्ठीवर न पाहता सही करणाऱ्याचा त्याच्याकडे. पण ‘मंजूर, मंजूर’ म्हणणाऱ्या सभासदांच्या चतुर्थांशात माझा जो अंश येतो, तो किती चहाच्या कपांनी धुवायचा? त्याच शास्त्राने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणादानानंतर लगेच निक्षेप येतो, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली ठेव. घरपट्टी भरणारी म्हातारी नगरपरिषदेला दान देत नाही आणि नुसता करही देत नाही. ती ठेव ठेवते, आणि ठेव मागायला तिच्याकडे पावतीशिवाय काही नसते.

आपल्याकडे अशा ठेवींचा इतिहास जुना आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंना वस्त्रे मिळावीत म्हणून त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले, दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक व्याजाने आणि एक हजार दुसरीकडे पाऊण व्याजाने, अशा अटीवर की मुद्दल कधीही परत द्यायचे नाही, केवळ व्याज भोगायचे. या व्यवस्थेला अक्षयनीवी म्हणत. त्याच लेण्यात आभीर ईश्वरसेनाच्या काळची दुसरी ठेव नोंदलेली आहे. ती आजारी भिक्षूंच्या औषधासाठी, आणि ती ज्या श्रेणींकडे होती त्यांत तेल गाळणाऱ्यांची श्रेणीही आहे. अठराशे वर्षांपूर्वीचा तेलवाला आणि सार्वजनिक ठेव! मला मात्र या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो उषवदाताच्या लेखातला एक किरकोळ तपशील, की हा करार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला गेला. निगमसभा म्हणजे त्या काळची नगरपरिषदच. तिने तो विषय डोळ्यांखालून घातला नाही, कानांवरून जाऊ दिला.

पुढे शिलाहारांच्या काळात कोकणात दानाच्या सीमेवर गद्धेगाळ उभे राहिले. शिळेच्या माथ्यावर चंद्र-सूर्य आणि खाली दान मोडणाऱ्याच्या घराण्याला दिलेली, या पानावर लिहिता येणार नाही अशी, गाढवाची चित्रमय शिवी. मला तो कालक्रम थोडा ऱ्हासाचा वाटतो. निगमसभेत लोक ऐकत होते तेव्हा शिवी लागत नव्हती. ऐकणारे उठून गेले तेव्हा साक्षीला चंद्र-सूर्यांना बोलवावे लागले. हे इतिहासकारांना पटेल की नाही, कोण जाणे. पण इंधनाच्या मक्त्याशी ज्यांचा संबंध आला त्यांना हे जाणवेल, की आमच्या मक्तेदाराने दर श्रावणात सत्यनारायण घालावा, मारुतीला शनिवारी तेल वाहावे आणि देवळाच्या कळसाला देणगी द्यावी, ही त्याच चंद्र-सूर्यांशी केलेली परस्पर तडजोड आहे. लिटरच्या खात्यातली तूट तो पुण्याच्या खाती वळती करून घेतो, आणि रुजवात घेणारा कोणी नसल्यामुळे दोन्ही खाती जुळतात. देवाला वाहिलेले तेल तो कधी मोजत नाही, हेही खरे.

इथे एक सूक्ष्म अडचण सांगायलाच हवी, कारण तिने मला बरेच दिवस छळले. डिझेल उष्णतेने फुगते. तापमान दहा अंशांनी चढले तर हजार लिटरमागे सुमारे आठ लिटर वाढतात. वैधमापनाचा अधिकारी पाच लिटरचे प्रमाणित माप लावून पंप तपासतो आणि त्यात पंचवीस मिलिलिटरपर्यंतची चूक चालवून घेतो. आता गार पहाटे भरलेल्या आणि तापलेल्या दुपारी भरलेल्या चाळीस लिटरांत जो फरक पडतो, तो सूर्याने दिलेला थेंब कोणाचा? पंपवाल्याचा म्हणावा तर त्याने तो कमावला नाही, नगरपरिषदेचा म्हणावा तर तिने तो मागितला नाही. ईशावास्याने हे सर्व जगत् ईश्वराने व्यापलेले मानून दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नये असा जो उपदेश केला, तो मला इथे लागू पडतो असे वाटे; आता वाटत नाही. सूर्याच्या थेंबाची चर्चा त्याच माणसाने करावी ज्याचा सहा लिटरांचा हिशेब चोख आहे. आमच्याकडे ती चर्चा ज्याने काढली तो भांडारपाल होता, आणि त्याने ती सहा लिटरांचा विषय निघताच काढली. अध्यात्माचा असा उपयोग मी इतरत्रही पाहिला आहे.

त्याच सुमारास शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले पत्र पुन्हा वाचनात आले. राज्याभिषेकाच्या सुमाराचे ते पत्र खरे म्हणजे दाणावैरणीचे पत्र आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत बेहिशेब उधळले तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग लोक कुणब्यांच्या घरून दाणे, भाकर, गवत, फाटे, भाजी आणू लागतील आणि रयत घर सोडून जाईल, अशी कारणांची साखळी त्यात कडीकडीने लावली आहे. आणि शेवटी कोणी चिलीम ओढील, कोणी दिवा ठेवील, उंदीर जळती वात नेईल आणि गंजी पेटतील, इथपर्यंत बारकावा आहे. त्यात परलोकाची भीती घातलेली नाही. आहे तो उंदीर, आहे ती वात, आणि तिच्या टोकाला उभा असलेला कुणबी.

माझ्या शेवटच्या वर्षी मी एक ठराव मांडला, की प्रत्येक घंटागाडीने आपल्या प्रभागाच्या चौकातल्या फळ्यावर रोज किती लिटर भरले आणि किती फेऱ्या झाल्या ते खडूने लिहावे, आणि पंपवाल्याचे देयक तीस दिवसांत न निघाल्यास त्याचे कारण सभेत वाचून दाखवावे. दुसरा भाग नामंजूर झाला. पहिल्याला कोणाची हरकत नव्हती, कारण फळा शाळेतून फुकट मिळणार होता. पहिला महिना आकडा चाळीसच राहिला. मग एके दिवशी छत्तीस झाला, मग पस्तीस. कोणी रागावले असेल, कोणाला समज मिळाली असेल, मला तपशील कळला नाही, आणि गावभर फळे टिकले असेही नाही. दोन पावसाने गेले, एकावर निवडणुकीचे पत्रक चिकटले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला मात्र राहिला. परवा सकाळी गाडी आली, कचरा घेतला, निघाली. समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या काकूंनी चष्मा वर केला आणि ओरडून विचारले, ‘‘अरे, आजचा आकडा लिहायचा राहिला की!’’ चालकाने गाडी थांबवली, गाणे बंद केले आणि खिसे चाचपून म्हणाला, ‘‘काकू, खडू संपलाय. तुमच्याकडं असंल का?’’ काकूंनी सूप बाजूला ठेवले आणि नातवाचे दप्तर उघडायला आत गेल्या.