कशावरून?

परशुरामाने बाण मारून समुद्र हटविला, अशी कथा कोकणात सांगतात. पुरावा कोणी मागत नाही.

२० फेब्रुवारी १८३५ रोजी चिलीत भूकंप झाला. सांता मारिया बेट आठ ते दहा फूट वर आल्याचे कप्तान फिट्झरॉय यांनी मोजले. खडकांना चिकटलेले शिंपले उघडे पडून मेले. डार्विनने त्याच देशात पायऱ्यांसारखे जुने किनारे उंचावर पाहिले. तेथे समुद्र हटला नव्हता, जमीन उचलली गेली होती. उलट, स्थिर किनाऱ्यांवरील प्रवाळांचे वय काढल्यावर कळले की, सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वी समुद्रच काही मीटर उंच होता. खूण सारखीच, कारणे दोन! म्हणून पाहिलेलेही तपासावे लागते. मग नुसते ऐकलेले कसे मानावे?

बंधुभगिनींनो, मुलाने ‘कशावरून?’ विचारले, तर त्याला गप्प बसवू नका.