सोसणाऱ्याचा आवाज

नव्या करारात पेत्राचे पहिले पत्र नावाचे पाच अध्यायांचे एक लहानसे पत्र आहे. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया आणि बिथुनिया या रोमन प्रांतांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांना ते लिहिलेले आहे. ते खुद्द पेत्राने लिहिले की त्याच्या नावाने पुढच्या पिढीतल्या कोणी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. इथल्या मुद्द्याला त्याने बाधा येत नाही. छळ सोसणाऱ्याला धीर द्यायची वेळ आली की ख्रिस्ती मंडळी शतकानुशतके याच पत्राकडे वळत आली आहे. आणि नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला पुन्हा त्याच घरात धाडताना, गुलामाची मान मालकापुढे वाकवतानाही याच पत्रातली वचने म्हटली गेली आहेत. एकाच मजकुराचे इतके विरुद्ध दोन उपयोग व्हावेत, ही गोष्ट श्रद्धावंताने झटकून टाकण्यासारखी नाही. मला दिसते ते असे, की सोसण्याचे ख्रिस्ती आवाहन हे सोसणाऱ्याने सोसणाऱ्याला केलेले आवाहन आहे, आणि त्यात तोंड उघडून बोलणे, जाब विचारणे, न्याय मागणे गृहीतच आहे. तेच शब्द सुरक्षित जागी बसलेला माणूस दुसऱ्याला ऐकवू लागला की त्यांचा अर्थ फिरतो.

छळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रोमचा आखाडा आणि सिंह येतात. पत्रातला छळ बहुतेक त्याहून साधा, म्हणून रोजचा आहे. पूर्वी बरोबर खाणारे-पिणारे मित्र आता हा आपल्यात का येत नाही म्हणून नवल करतात आणि निंदा करतात. शेजारी कुजबुजतात. घरातला मालक खडूस असतो, नवरा वेगळ्या श्रद्धेचा असतो. कायद्याचा बडगा पुढे केव्हातरी येतो. तो कसा आला याचा एक अस्सल पुरावा आपल्या हाती आहे. इसवी सन 112 च्या सुमारास बिथुनिया-पंतचा सुभेदार धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारले, की या ख्रिस्ती लोकांना नुसत्या नावासाठी शिक्षा द्यायची की नावाबरोबर एखादा गुन्हाही लागतो? चौकशीत त्याला कळले ते एवढेच, की ही माणसे पहाटे जमतात, ख्रिस्ताचे स्तवन करतात आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात. खात्री करण्यासाठी त्याने मंडळीत सेविकेचे काम करणाऱ्या दोन गुलाम स्त्रियांचा छळ करून जबाब घेतला. त्यांची नावे लिहून ठेवण्याची गरज सुभेदाराला वाटली नाही. सम्राटाने उत्तर दिले, की यांना मुद्दाम हुडकू नका आणि निनावी तक्रारी घेऊ नका. पण आरोप सिद्ध झाला आणि माणूस आपल्या नावाला चिकटून राहिला तर शिक्षा द्या.

अशा परिस्थितीतल्या लोकांना पत्र काय सांगते? वाईटाची फेड वाईटाने करू नका. निंदेला निंदेने उत्तर देऊ नका. पण तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला सदैव तयार राहा, आणि ते सौम्यपणे द्या. म्हणजे गप्प बसा असे ते कुठेच सांगत नाही. खून, चोरी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करून शिक्षा ओढवून घेतली, तर ते सोसणे ख्रिस्तासाठी झाले असे मिरवू नका, असेही पत्र बजावते. सगळ्या माणसांना मान द्या, देवाचे भय धरा, राजाला मान द्या, असा एक क्रम त्यात येतो. जो मान रस्त्यावरच्या कुणाही माणसाला, तोच राजाला. भय मात्र एका देवाचे. सम्राटपूजा हा राजनिष्ठेचा भाग मानणाऱ्या मुलखात हे लिहायला धैर्य लागले असणार. या सगळ्यामागचा विचार सरळ आहे. मला त्रास देणारा माझे घर, मान, शरीर यांना इजा करू शकतो. मी कसा माणूस व्हायचे हे ठरवण्याचा हक्क मी त्याला देणार नाही. त्याच्या द्वेषाला मी द्वेषाने उत्तर दिले, तर माझे वागणे त्याच्या हातात गेले. ख्रिस्ती सहनशीलतेचा गाभा मला इथे दिसतो. तो दुबळेपणाचा वाटत नाही.

आता सगळ्यात अवघड जागा. दुसऱ्या अध्यायात घरातल्या गुलामांना सांगितले आहे, की मालक चांगला असो वा कठोर, त्याच्या अधीन राहा. तिसऱ्यात बायकांना नवऱ्याच्या अधीन राहायला सांगितले आहे. गुलामगिरी मोडा, असे लेखक म्हणत नाही. त्या काळी मूठभर निराधार माणसांना ते शक्य नव्हते, हे खरे असले तरी ही उणीव उणीवच आहे आणि पुढच्या पिढ्यांनी तिची जबर किंमत मोजली. मात्र दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. त्या काळातले गृहनीतीचे ग्रंथ सहसा घरधन्याशी बोलत आणि गुलामाला कसे वागवावे हे त्याला शिकवत. हे पत्र थेट गुलामाशी बोलते, त्याला सदसद्विवेक असलेला माणूस धरून. आणि विनाकारण मार खाणाऱ्या गुलामाच्या जागी ते ख्रिस्ताला उभे करते. मारणाऱ्याच्या जागी नव्हे. पुढे मालकांनी ही मांडणीच उलटी केली. 1807 साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलमधले निवडक भाग छापण्यात आले. त्यातून इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटल्याची कथा वगळली होती आणि आज्ञाधारकपणाचा उपदेश ठेवला होता. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने 1845 च्या आत्मकथनात लिहिले आहे, की त्याचा मालक एका अपंग तरुणीला चाबकाने फोडून काढताना शास्त्रातले वचन म्हणत असे. डग्लसने त्याच पुस्तकाच्या शेवटी ख्रिस्ताचा धर्म आणि गुलाममालकांचा धर्म यांच्यात स्पष्ट रेघ ओढली. ज्याच्या पाठीवर वळ उठले त्यानेच ती ओढली, म्हणून तिला वजन आहे.

आपल्याकडचा दाखला फार जुना नाही. 1869 च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागासारखे आणखी कारण सिद्ध करावे लागे. नुसती मारहाण असेल तर न्यायालय विभक्त राहण्याची परवानगी देई, लग्न मोडत नसे. 1990 च्या दशकात केरळच्या आणि मुंबईच्या उच्च न्यायालयांनी या तरतुदी घटनाविरोधी ठरवल्या आणि 2001 साली संसदेने कायदा बदलला. मधल्या 132 वर्षांत किती पाळकांनी किती बायकांना पेत्राचा तिसरा अध्याय वाचून दाखवला असेल, याची नोंद कुठे नाही. वाचून दाखवणाऱ्याला रात्री त्या घरी झोपायचे नव्हते, एवढे मात्र नक्की. विवाह पवित्र आहे म्हणूनच तो टिकवावा, असा आक्षेप इथे येईल. पण तिसऱ्या अध्यायातच, सातव्या वचनात, नवऱ्यांना ताकीद आहे, की पत्नी जीवनाच्या कृपेची बरोबरीची वारस आहे, तिला मान दिला नाही तर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. बायकोला वाचून दाखवताना या वचनाआधीच थांबणारा उपदेशक शास्त्र अर्धेच वाचतो.

दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जातो. एका गालावर मारले तर दुसरा पुढे करा, असे येशूनेच सांगितले ना? मग जाब कसला? योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय पाहावा. प्रमुख याजकासमोर चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूला चपराक मारली. येशूने त्याला उलट मारले नाही आणि तो गप्पही राहिला नाही. मी चुकीचे बोललो असेन तर ते दाखवून दे. बरोबर बोललो असेन तर मारलेस का, असे त्याने विचारले. शिकवण देणाऱ्यानेच तिचा अर्थ आचरून दाखवला आहे. प्रेषित पौलाची गोष्ट तर आणखी बोलकी. फिलिप्पै शहरात त्याला आणि सिलासला उघड्यावर फटके मारून तुरुंगात टाकले. रात्री ते स्तोत्रे गात होते, हे प्रत्येक उपदेशात येते. सकाळी काय झाले ते कमी वेळा येते. अधिकाऱ्यांनी यांना गुपचूप सोडून द्या असा निरोप धाडला, तेव्हा पौल उठायला तयार झाला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारले, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने कळवले. त्यांना यावे लागले. पुढे कैसरियात त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. रात्रीचे स्तोत्र आणि सकाळची मागणी एकाच श्रद्धेतून आली, आणि यातले एक गाळून दुसरे सांगण्याचा अधिकार मंडळीला नाही.

हे सारे मराठीत एका आयुष्यात एकवटलेले पाहायचे असेल तर पंडिता रमाबाईंकडे जावे लागते. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती; पदरी लहानगी मनोरमा. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मायदेशातल्या बहुतेक सुधारकांचाही रोष ओढवून घेतला. दुःख सोसणारी साध्वी म्हणून त्यांचे चित्र रंगवायला एवढे पुरेसे होते. पण बाप्तिस्म्यानंतर लगेचच त्या आपल्याच गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी वाद घालताना दिसतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देण्याची माझी तयारी नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 मध्ये प्रसिद्ध केला आहे. ख्रिस्ताला शरण जाणे आणि चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे गप्प बसणे या दोन गोष्टी रमाबाईंनी कधी एक मानल्या नाहीत.

1889 साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. 1893 मध्ये मुलींना ख्रिस्ती केले जाते असा गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. विरोधकांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, मुलींना येण्यास मज्जाव नसे, आणि पुढे काहींनी बाप्तिस्मा घेतलाही. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्यांचे नंतरचे वागणे. त्यांनी प्रार्थना लपवली नाही, आणि ज्या समाजाने त्यांना झिडकारले त्याच्याच टाकलेल्या मुलींसाठी त्या राबत राहिल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. त्याच 1897 साली पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर तक्रार केली. सरकारने ती फेटाळली, गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ती खोडून काढायचा प्रयत्न केला. राज्यकर्ते ख्रिस्ती होते आणि त्याही ख्रिस्ती होत्या. अन्याय सांगताना त्यांनी हा हिशेब धरला नाही. स्वतःवरच्या निंदेला त्यांनी सूडाने उत्तर दिले नाही आणि दुसरीवरच्या अन्यायावर त्या गप्प बसल्या नाहीत. पेत्राचे पत्र यापेक्षा नीट वाचता येईल असे मला वाटत नाही.

तरीही सर्वांत कठोर आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणाविषयी आणि धर्मांतरितांच्या स्थितीविषयी त्यांचे इंग्रजी निबंध त्यांच्या निधनानंतर समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आले. दुःखाचे मूळ माणसाच्या पापात आहे असे शिकवले, की ते समाजरचनेत आहे हे पीडिताला दिसत नाही. जात चर्चमध्येही शिरली. आणि ख्रिस्ती झालेला अस्पृश्य सामाजिक अन्यायाविरुद्ध झगडत नाही, असे त्यांचे निदान होते. यावर ख्रिस्ती माणसाने बचावाची घाई करू नये. वेगळ्या बसण्याच्या जागा, वेगळी कबरस्ताने हे आपल्या देशात घडलेले सत्य आहे. प्रतीक्षा करा, स्वर्गात सारे समान आहेत, हे सांगणारेही बहुधा पुढच्या बाकावर बसलेले होते. पण हा दोष सोसण्याच्या शिकवणीचा नसून तिच्या उलट्या वापराचा आहे, हे बाबासाहेबांच्या टीकेतूनच अधिक उघड होते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. या वगळण्याविरुद्ध मोर्चे, अर्ज, याचिका चालवणारी दलित ख्रिस्ती माणसे पौलासारखीच कैसराकडे दाद मागत आहेत. त्यांना श्रद्धा कमी पडली म्हणून ती न्यायालयात गेली, असे म्हणणारा पाळक पौलाला काय म्हणेल?

मग जिच्यावर आज अन्याय होतो आहे तिला या पत्रातून काय द्यायचे? पहिले हे, की तुझ्यावर ओढवले ते देवाने नेमून दिलेले शिक्षण आहे असा निवाडा दुसऱ्या कोणी करू नये. तसा अर्थ लावायचा झालाच तर तो तुझ्या हृदयात, तुझ्या वेळी. दुसरे, की सुटका शक्य असेल तिथे सुटका करून घेणे हा श्रद्धेचा अभाव नाही. दिमिष्क शहरात जिवावर बेतले तेव्हा पौल टोपलीत बसून तटावरून निसटला. तिसरे, सुटका शक्य नसेल तिथेही, म्हणजे असाध्य आजारात, तुरुंगात, सोडता न येणाऱ्या नोकरीत, देव न्यायी आहे या भरवशावर आपले मन कडवट होऊ न देणे शक्य आहे, आणि पुष्कळांनी ते केले आहे. मरणानंतरच्या आशेची गुंगी देऊन हे पत्र आजचे दुःख विसरायला लावते, असे म्हणणाऱ्यांनी पत्राचा चौथा अध्याय वाचावा. छळाच्या मधोमध ते कुरकुर न करता एकमेकांचा पाहुणचार करा असे सांगते. आपले घर, आपली भाकर, आपली मिळालेली कुवत दुसऱ्यासाठी वापरा म्हणते. पाचव्यात मंडळीच्या वडिलांना बजावते, की कळपावर धनीपणा गाजवू नका. आणि लेखक स्वतःला वरचा अधिकारी न म्हणवता सोबतीचा वडील आणि ख्रिस्ताच्या दुःखांचा साक्षी म्हणवतो. एखाद्या मंडळीत मार खाऊन आलेल्या बाईला रात्री राहायला खोली मिळते की नाही, पोलीस ठाण्यात तिच्याबरोबर कोणी जाते की नाही, खटल्याच्या तारखेला कोणी सोबतीला बसते की नाही, यावरून त्या मंडळीला हे पत्र वाचण्याचा अधिकार किती आहे ते कळते.